पावसातले एकवीस किलोमीटर: माझी यादी

गोव्यात राहून पावसात धावायचं नाही म्हटलं, तर जून ते सप्टेंबर घरात बसावं लागेल. मग डिसेंबरातल्या शर्यतींची तयारी करायची कधी? म्हणून आमचा सहा-सात जणांचा गट दर वर्षी ऑगस्टातल्या एका रविवारी हाफ मॅरेथॉनचं अंतर, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, भर पावसात पुरं करतो. पणजीतल्या मिरामारहून निघायचं, कांपाल, जेटी, पाटो, रायबंदरचा कॉजवे (पाणथळीतून गेलेला बांधरस्ता) असं करत जुन्या गोव्याच्या दिशेने जायचं आणि घड्याळात साडेदहा किलोमीटर झाले की असू तिथून मागे वळायचं. पदक नाही, वेळ मोजणारी चिप नाही, शेवटी पेज असते. यंदा गटात तीन जण नवे आहेत. त्यांच्यासाठी आकडे घालून यादी करायला बसले होते, पण प्रत्येक आकड्यामागे एखादी फजिती निघायला लागली, म्हणून सलगच लिहिते.

भिजू नये म्हणून काय करावं, हा प्रश्न आधी डोक्यातून काढून टाका. दहाव्या मिनिटाला तुम्ही चिंब झालेले असता. रेनकोट घालून धावणारा माणूस बाहेरून पावसाने आणि आतून घामाने भिजतो, वर उकडून बेजार होतो ते वेगळंच. सुरुवातीला थांबून राहायचं असेल तर कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीला डोक्या-हातांपुरती भोकं पाडून ती घाला आणि निघताना काढून कोणाकडे तरी द्या. बाकी सगळी तयारी भिजल्यानंतरची आहे.

त्यात पहिला नंबर घासण्याचा. कोरड्या दिवशी ज्या शिवणीची जाणीवही होत नाही, ती ओल्या अंगावर दोन तास करवतीसारखी चालते. सुती बनियन, सुती मोजे अजिबात नकोत. ते पाणी धरून ठेवतात आणि जड होतात. पॉलिस्टरचा अंगाला बेताने बसणारा टीशर्ट, मांड्या झाकणारी घट्ट हाफ टाइट्स आणि पातळ सिंथेटिक मोजे घ्या. हे सगळं आधी एकदा तरी पावसात वापरलेलं असावं. नवा कपडा धुतलेला असला तरी नवाच.

व्हॅसलीन मात्र हात राखून लावू नका. मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, पायाच्या बोटांच्या मधे, टाचेच्या मागे. बायकांनी ब्राच्या खालच्या पट्टीखाली आणि खांद्यांवर. पुरुषांनी छातीवर, आणि यात हसण्यासारखं काही नाही. माझे दीर पहिल्या वर्षी पांढरा टीशर्ट घालून आले होते. परत आले तेव्हा छातीवर दोन लाल ओघळ पोटापर्यंत उतरलेले, आणि ते स्वतः मात्र खुशीत, कारण पाऊस होता तोवर त्यांना काही कळलंच नव्हतं. कळलं ते घरी गरम पाण्याखाली उभे राहिल्यावर. त्यांची हाक तिसऱ्या घरी ऐकू गेली. छातीवर पट्टी लावणार असाल तर कोरड्या त्वचेवर, व्हॅसलीनच्या आधी लावा, नाहीतर पहिल्याच किलोमीटरला ती टीशर्टात तरंगायला लागते. खोबरेल तेल चालेल का, असं नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो. नाही चालणार, पावसाने धुऊन जातं.

माझी स्वतःची फजिती मंगळसूत्राची. काढायचं नाही म्हणून मी ते आखूड करून टीशर्टाच्या आत घातलं होतं. एकविसाव्या किलोमीटरला मानेभोवती काळ्या मण्यांच्या मापाची लाल रेघ उमटली होती, मणी न् मणी मोजून घ्यावा इतकी स्वच्छ. सासूबाईंनी ती बघितली, काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी पहाटे त्यांनीच देवघरातलं छोटं तबक माझ्यापुढे धरलं, "ह्यात ठेव आणि जा." तेव्हापासून बांगड्या, अंगठी, कानातले लोंबते डूल सगळं त्या तबकात. केस लांब असतील तर वेणी घालून वर बांधा. ओली वेणी पाठीवर चाबकासारखी बसते.

पायांची नखं गुरुवारीच कापा, शनिवारी रात्री नको. ताजं कापलेलं नख ओल्या मोज्यात बोचतं. शूज जुने चालतील, पण तळ उलटा करून बघा. नक्षी झिजून गुळगुळीत झालेला शूज पावसात चपलेपेक्षा वाईट. नाडीचं टोक शेवटच्या भोकातून ओवून टाच आवळून घ्या आणि दुहेरी गाठ मारा. ओली नाडी सुटते तेव्हा सुजलेल्या बोटांनी ती पुन्हा बांधणं म्हणजे दोन मिनिटांचं काम आणि चार मिनिटांची चिडचिड.

रस्ता शनिवारी स्कूटरवरून, शक्यतो पाऊस पडत असतानाच, एकदा बघून या. कोरड्या रस्त्याची ओळख पावसात उपयोगी पडत नाही. घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारांवरच्या लोखंडी जाळ्या, फुटपाथवरचे हिरवे पडलेले पेव्हर आणि चिऱ्याच्या पायऱ्या. कांपालला वळणावर मी पांढऱ्या पट्ट्यावर पाय टाकूनच आपटले होते, गुडघ्यावरचा डाग अजून आहे. वळणावर पावलं आखूड टाका, म्हणजे पाय शरीराखालीच राहतो. ज्या डबक्याचा तळ दिसत नाही त्यात पाय घालू नका. खाली खड्डा असेल, नाहीतर गटारावरची फुटलेली लादी. चालत वळसा घातला तर पाच सेकंद जातात, घोटा गेला तर चवथीचे दिवस खाटेवर.

कॉजवेबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. हा पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला, तीन किलोमीटरच्या वर लांबीचा. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला खारफुटी आणि मिठागरं. ऑगस्टात मिठागरांत पाणीच पाणी असतं, बगळे असतात, आणि पाऊस सरळ न येता आडवा येतो. आमच्या सगळ्या वाटेत मला हाच तुकडा सर्वांत आवडतो आणि इथेच सर्वांत जास्त भीती वाटते. आडोसा कुठेही नाही, रस्ता अरुंद, आणि पहाटे गाड्यांना तुम्ही दिसत नाही. म्हणून समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा उजव्या बाजूनेच, एकामागे एक, गप्पा बंद. फिक्या किंवा भडक रंगाचा टीशर्ट, पाठीवर चमकणारी पट्टी, डोक्याला टॉर्च. सूर्योदय सव्वासहाच्या आसपास असला तरी ढगांमुळे साडेसहापर्यंत उजाडल्यासारखं वाटत नाही. टोपी पुढे चोच असलेली घ्या, थेंब डोळ्यांत जात नाहीत. चष्मेवाल्यांना तर तिच्याशिवाय गत्यंतरच नाही.

हवामान शनिवारी रात्री आणि पुन्हा पहाटे बघायचं. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. यलो अलर्ट आम्ही मनावर घेत नाही, तो आमच्याकडे जुलैभर असतोच. ऑरेंज असेल तर कॉजवे रद्द करून मिरामार-दोनापावला अशा फेऱ्या मारतो. रेड असेल तर घरी भजी. सोबत कालनिर्णयात अमावास्या-पौर्णिमा बघून ठेवा. उधाणाची भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आले की पणजीतलं पाणी नदीत जायला जागाच मिळत नाही, मग अठरा जून रस्ता तुंबतो. राममनोहर लोहियांनी गोवामुक्तीसाठी १९४६ साली त्या तारखेला मडगावात सभा घेतली म्हणून रस्त्याला ते नाव. मी मात्र गमतीने म्हणते की तो पहिल्यांदा तुंबायची तारीखही तीच असावी. विजेचं म्हणाल तर ऑगस्टात ती फारशी नसते, मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात असते. तरी वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून झाले नाहीत, तर पळणं थांबवून पक्क्या इमारतीत किंवा गाडीत शिरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. माडाखाली तर कधीच थांबू नका. वीज नाही पडली तरी झावळ पडते.

खाण्याचं अवघड वाटतं, पण तसं नाही. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते आणि ताजे बांगडे बाजारात यायला लागतात, त्यामुळे शनिवारी रात्री हात आवरणं कठीण. आमच्याकडे श्रावण पाळतात, तो प्रश्न परस्पर सुटतो. पण श्रावणाचे स्वतःचे सापळे आहेत. अळसाण्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) टोणक आणि मूगागाठी (मोड आलेल्या मुगांची आमटी) रविवारी दुपारसाठी ठेवा, पोटात वायू घेऊन एकवीस किलोमीटर जाता येत नाही. श्रावण पाळत नसाल तर सुकी मासळी आणि तिची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) हीही नको, रात्रभर तहान लागते. साधा भात, वरण, थोडी भाजी, बस्स. पहाटे निघायच्या दोन तास आधी एक उंडो (गोल पाव) आणि केळं, नाहीतर वाटीभर नाचणीची तिझण (खीर), आणि कोरा चहा.

पाण्याच्या बाबतीत सगळे फसतात. अंगावर पाऊस, हवा गार, तहान जाणवत नाही. पण हवेत इतकी आर्द्रता असते की घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो, आणि त्याबरोबर मीठही जातं. म्हणून ओआरएसचं मोठं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून बाटल्यांत भरा आणि तहानेच्या अंदाजाने घोट-घोट घ्या. अर्ध्या लिटरात पाकीट ओतून 'स्ट्राँग' करू नका, त्याचं प्रमाण ठरलेलं असतं. भीतीपोटी नुसतं पाणी ढोसत राहणंही तितकंच वाईट, रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस गरगरतो. भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, मीठ-साखर घातलेलं सरबत मला ओआरएसपेक्षा आवडतं, पण ते घरी पिऊन बघितल्याशिवाय वाटेत नको. वाटेत ताकदीसाठी एनर्जी जेल घेणार असाल तर पाकिटाला घरूनच छोटा काप देऊन ठेवा. ओल्या बोटांनी ते फाटत नाही आणि मग माणूस दाताने ओढत बसतो.

फोन कसा न्यायचा ते मी आमच्या पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून शिकले. पहाटे पाचला तो भोंगा वाजवत येतो तेव्हा पाटीवर निळं प्लास्टिक असतंच, पण त्याच्या आत पोई आणि उंडे कापडात गुंडाळलेले असतात. नुसतं प्लास्टिक घातलं तर पाव स्वतःच्याच वाफेने ओले होतात, हे त्याने मला ऐकवलं, आणि वर विचारलं, "बाये, पावसांत धांवता? पिशें लागलां?" (वेड लागलंय का?) तर फोन झिपच्या पिशवीत, आणि आत घडी घातलेला रुमाल. शंभराची नोट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठीही त्यातच, कारण ओल्या बोटाने फोन उघडत नाही. १०८ चा नंबर मात्र पाठच असू दे. घड्याळाची टच स्क्रीन लॉक करा, नाहीतर थेंबच तिची बटणं दाबतात. माझी एक अख्खी धाव पावसाने पाटोवर थांबवून 'सेव्ह' करून टाकली होती.

वेगाबद्दल एकच सांगते. मी कोरड्यात किलोमीटरला सात मिनिटांनी, म्हणजे सुमारे २ तास २८ मिनिटांत पुरं करते. पावसात दहा मिनिटं जास्त धरूनच निघते. रेकॉर्ड ज्याला करायचा असेल त्याने डिसेंबरात करावा.

संपल्यावरची पिशवी आधीच गाडीत ठेवा: टॉवेल, अंतर्वस्त्रांसकट पूर्ण कोरडे कपडे, चपला आणि सीटवर पसरायला जुने पेपर. थांबल्यावर पाच मिनिटांत अंग गार पडून हुडहुडी भरते, म्हणून फोटो नंतर. कपडे बदला, मग पेज. कढत कण्यांची पेज, मीठ आणि चेपणीचं तोर (मिठात मुरवलेली कैरी). शरीराला त्या घडीला जे जे हवं ते सगळं तिच्यात आहे. घरी गेल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या फटी नीट पुसा. तुंबलेल्या पाण्यातून गेला असाल आणि पायाला जखम असेल तर ती अंगावर काढू नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो तो अशाच पाण्यातून. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर 'पावसाळी ताप' म्हणून गोळी गिळू नका, डॉक्टरांना पाण्यात पाय गेले होते हे आठवणीने सांगा. आधीच औषध घ्यावं का, हेही त्यांनाच विचारा.

शेवटी शूज. आमच्या घरात ऑगस्टात काहीच वाळत नाही, मीठसुद्धा बरणीत पाझरतं. आतला सोल बाहेर काढा, शूजमध्ये रोजच्या पेपरचे बोळे नाकापर्यंत कोंबा, दर दोन तासांनी बदला आणि पंख्याखाली आडवे ठेवा. गॅसजवळ ठेवू नका, चिकटवलेला तळ सुटतो. गुळगुळीत पुरवण्या पाणी शोषत नाहीत, साधी पानंच घ्या, आणि घ्यायच्या आधी सासऱ्यांचं शब्दकोडं सोडवून झालंय का ते विचारा. एवढं करूनही मंगळवारपर्यंत ते पूर्ण वाळणार नाहीत, तेव्हा दुसरा जोड लागेलच.