शाळेत जाऊन मुलांच्या कमरेची मापं घेणार असाल तर

न्यूट्रिशन किंवा पब्लिक हेल्थला नुकतेच आलायत आणि डिसर्टेशनला किशोरवयीन मुलांमधला पोटाचा लठ्ठपणा घ्यायचा विचार चाललाय, तर आधीच सांगते, स्टॅटिस्टिक्सला घाबरू नका, ते कोणीतरी शिकवतं, खरा घोळ होतो तो टेप कुठे लावली यात. मी गोव्यात फोंड्याकडच्या हायस्कुलांत मापं घेतली, त्यावरून लिहितेय.

बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, काढाच, पण चरबी कुठे साठलीय ते त्यातून कळत नाही. समजा दोन मुलगे, दोघांची उंची १५० सेंमी, वजन ४८ किलो, म्हणजे बीएमआय दोघांचाही २१.३. पण एकाची कंबर ६८ सेंमी आणि दुसऱ्याची ७८. कंबर भागिले उंची केलं की पहिल्याचं येतं ०.४५, दुसऱ्याचं ०.५२, आणि ०.५ च्या वर गेलं की पोटाकडे लक्ष द्यायला हवं. वयाचा तक्ता लागत नाही, मला तरी शाळेत हेच सगळ्यात कामाचं वाटलं.

कंबरेचे पर्सेंटाइल (त्याच वयाच्या शंभरातल्या किती मुलांची कंबर याच्यापेक्षा कमी, ते) वापरणार असाल तर कुठला कटऑफ, म्हणजे कितीच्या वर लठ्ठपणा धरणार, ते सिनॉप्सिसमध्येच लिहून टाका. आयडीएफची (इंटरनॅशनल डायबिटीस फेडरेशन) २००७ ची व्याख्या १० ते १६ वयाला ९० वं पर्सेंटाइल धरते, भारतीय मुलांच्या तक्त्यांवर ७० वं सुचवलंय, म्हणजे तोच मुलगा एकात बसतो आणि दुसऱ्यात नाही. मोठ्या माणसांचे कटऑफ, पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंमी, तेरा वर्षांच्या पोरांना लावलेले मी प्रोजेक्टांत बघितलेत, तसलं करू नका.

आता टेप. शिंप्याकडची कापडी टेप ताणते, न ताणणारी घ्या. डब्ल्यूएचओच्या पद्धतीत हाताला लागणारी शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, या दोघांच्या मधोमध माप घेतात, बेंबीवर नाही. बाजूला दोन्ही ठिकाणी बोटाने चाचपून मध्यावर पेनाने छोटी खूण करा, टेप मागे खाली घसरत नाही ना ते मदतनीसाला बघायला सांगा, आणि नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाचा. नववीतले मुलगे टेप बघितली की पोट आत ओढतातच, "सोड रे" म्हटलं की आणखी ओढतात, त्यापेक्षा काल रात्री काय जेवलास विचारा, शीतकडी म्हणेपर्यंत पोट आपोआप सैल पडतं. दोनदा मोजा, १ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर परत. मधल्या सुट्टीनंतर नको, भाजीपाव पोटात गेलेला असतो. आणि आपल्याकडचा दमटपणा काय सांगू, टेप घामाने अंगाला चिकटते, जवळ नॅपकिन ठेवा.

मुलींची मापं बाईनेच घ्यायची, वेगळ्या खोलीत, आणि आकडा मोठ्याने सांगायचा नाही. लिहिणारी व्यक्ती "अठ्ठ्याऐंशी?" असं ओरडून विचारते आणि बाहेरच्या रांगेत हशा पिकतो, मग ती मुलगी दुसऱ्या मापाला येतच नाही. चिठ्ठीवर लिहून द्या, वेळ जातो पण जाऊ दे.

१८ च्या खालची मुलं म्हणजे पालकांची संमती हवी आणि मुलाचा स्वतःचा होकारही. फॉर्म मराठी आणि कोंकणी दोन्हीत ठेवा. चतुर्थीच्या आसपास तारखा घेऊ नका, शाळांना सुट्टी असते आणि परत आल्यावरही मुलं नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) मूडमध्येच असतात.

व्हायवाला कंबर-नितंब गुणोत्तर का नाही घेतलं हे हमखास विचारतात. वयात येताना मुलींचं ओटीपोटाचं हाड रुंदावतं, मग चरबीत काही फरक नसला तरी ते गुणोत्तर बदलतं, एवढं नीट सांगितलंत तर पुढचा प्रश्न येतो तुमच्या दोन मापांतल्या फरकाचा, तेव्हा पहिलं आणि दुसरं माप वेगवेगळ्या कॉलममध्ये टाइप करून ठेवा, नुसती सरासरी नको.