स्क्रीनवर आकडे एकावर एक चढतात? आधी स्क्रीनशॉट मागवा

परभणीच्या मोंढ्यातून (धान्यबाजारातून) फोन येतो: "पट्टीच्या प्रोग्रॅममध्ये यादी खाली सरकवली की सोयाबीनचे आकडे एकावर एक चढायलेत, जरा बघा की." (पट्टी म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशेब.) लगेच कोड उघडू नका. त्यांना प्रिंट स्क्रीन दाबायला सांगून चित्र मागवा आणि ते आपल्या मोबाइलवर बघा. दुकानातल्याच मॉनिटरवर बघितलं तर पडद्याचा दोष चित्रातला वाटतो. चित्र स्वच्छ असेल तर दोष केबलचा किंवा मॉनिटरचा, क्वचित ग्राफिक्स ड्रायव्हरचा (पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचा). (माउसचा बाण स्क्रीनशॉटमध्ये बहुधा येत नाही, त्यावरून काही ठरवू नका.)

चित्रातही घोळ असला तर खिडकीचा कोपरा ओढून आकार बदलायला सांगा. घोळ गेला, तर बहुतेक आकडे बरोबर आहेत, बदललेला भाग पडद्यावर पुन्हा रंगवायचा (काढायचा) तेवढा राहतोय. इथं माझा आवडता उपाय: चाचणीपुरतं, रंगवण्याच्या फंक्शनमध्ये दर वेळी वेगळा पार्श्वरंग भरायचा. यादी सरकवताना ज्या ओळीचा रंग बदलायला हवा होता पण बदलला नाही, तिथं शोधा. आकार बदलूनही घोळ नाहीच गेला तर डिस्प्ले स्केलिंग (पडद्यावरचं सगळं मोठं दाखवायची सेटिंग) १२५ वरून १०० टक्क्यांवर आणून बघा. जुन्या प्रोग्रॅमांची खोड बऱ्याचदा तीच असते.