मालवणला जाताय? हॉटेल नंतर बघा, आधी तिथी बघा

डिसेंबर लागला की मला मेसेज सुरू होतात, तू मालवणचा ना, दोन दिवसांचा प्लॅन दे. मी उलट विचारतो, तिथी कुठली पडतेय? समोरच्याला वाटतं हा मुहूर्त काढायला बसला. तसं नाही हो, आमच्याकडे काय कधी करायचं ते पाणी ठरवतं, आणि हे मी स्वतः गावचा असून एकदा विसरलो होतो. मित्रांना मोठ्या तोऱ्यात रॉक गार्डनला घेऊन गेलो तर भरपूर भरती, खडक गायब, सगळे फेसाचे फोटो काढून परत.

तर गणित असं. घरातलं कालनिर्णय काढा (ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच, मेढ्यातलं जय गणेश मंदिर त्यांनीच बांधलंय, जाता जाता बघून घ्या). तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची पण आणि रात्रीची पण. चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, म्हणजे तीनच्या आसपास भरती आणि साधारण सहा तासांनी, नऊला, ओहोटी. पौर्णिमेला 15 ची पाऊणपट सव्वाअकरा, ओहोटी सव्वापाचला. वद्य पक्षात परत 1 पासून मोजायचं. जुन्या लोकांचा ठोकताळा आहे हा, अर्धा-एक तास इकडंतिकडं होतो, त्यामुळे तिथे पोचल्यावर कुठल्याही होडीवाल्याला विचारून पक्कं करा.

आता गंमत बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, आणि वर ओहोटी नेमकी संध्याकाळी. म्हणजे रॉक गार्डनला खडकातल्या डबक्यांत शिरायचं, खेकडे, छोटे मासे, प्रवाळ बघायचं आणि मागे सूर्य बुडताना बघायचा, सगळं एकाच फेरीत. चप्पल मात्र ग्रिपवाली घाला, शेवाळावर पाय सटकला की खडक सोलून काढतो. मोरयाचा धोंडा पण असाच ओहोटीला बघायचा, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा जिथे झाली तो खडक, त्याच्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेत, आणि निम्मे पर्यटक त्याच्या शेजारून जाऊन पण बघत नाहीत.

स्कूबाचं उलटं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी हलतं, गाळ कमी उठतो, त्यामुळे खाली जरा स्वच्छ दिसायची शक्यता जास्त. म्हणून मी म्हणतो ठरवा, खडक बघायचेत की पाण्याखाली जायचंय, दोन्ही एका वीकेंडला बेस्ट मिळणं कठीण. सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला, पावसाळ्यात सगळं बंद. पोहता येत नसलं तरी चालतं, इन्स्ट्रक्टर धरून नेतो, पण बुकिंग करताना एका इन्स्ट्रक्टरमागे किती माणसं हे विचाराच आणि नुसतं स्वस्त बघून जाऊ नका. सर्दी असेल तर सरळ रद्द करा, कान फुटायची वेळ येते. खाली जाताना कान दडपले की नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची. आणि अंगठा वर करायचा नाही! आपण मजा येतेय म्हणून करतो आणि तिकडे त्याचा अर्थ मला वर न्या, माझ्या आत्येभावाची डाइव्ह अशीच दोन मिनिटांत आटपली. प्रवाळावर उभं राहू नका, हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, साधारण 29 चौरस किलोमीटरचं.

सिंधुदुर्ग सकाळी पहिल्या होड्यांनी करा, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही मारतात. 1664 च्या नोव्हेंबरात पाया घातला आणि तीनेक वर्षांत कुरटे बेटावर 48 एकरांचा किल्ला उभा, पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं. होडीवाले साधारण तासभर देतात आणि लोक तो तास दारातच सेल्फीत घालवतात, तर तसं न करता आधी शिवराजेश्वराचं दर्शन घ्या, मग दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तीन विहिरी, चारी बाजूला खारं पाणी आणि आत गोडं, आणि उरलेला वेळ तटावर. महाराजांच्या हातापायाचे ठसे पण आहेत, विचारलं की दाखवतात. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून गर्दी वाढणारच.

तारकर्ली सगळ्यांना माहितीय, त्यावर काय लिहू. पुढे देवबागला जा, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. त्सुनामी आयलंड म्हणतात तो वाळूचा पट्टा पण ओहोटी बघूनच, नाहीतर गुडघाभर पाण्यात उभे राहून भजी खाल. आणि संगमावर पाणी उतरत असताना पोहायचं नाही म्हणजे नाही, नदी आणि ओहोटी मिळून माणसाला बाहेर ओढतात. एखादा म्हातारा ओरडला, "पाण्यात जाव नको रे, सुकती लागली हा," म्हणजे ओहोटी लागलीय, तर वाद न घालता बाहेर या.

एका पहाटे चिवला बीचवर चक्कर मारा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर वीस-तीस माणसं दोन बाजूंनी दोर ओढताना दिसतील, विचारून हात लावा, मला एकदा अर्धा तास ओढल्यावर ओंजळभर पेडवे मिळाले होते आणि दोन दिवस तळहात सोललेले. संध्याकाळी माशांचा लिलाव बघा पण टोपलीच्या मध्ये उभं राहू नका, बायका सोडत नाहीत.

खायचं म्हणाल तर सुरमई सगळीकडे मिळते, तुम्ही तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं मागा. घरगुती खानावळीत सकाळीच सांगून ठेवा, आयत्या वेळी गेलात तर दीड तास बसाल. कोंबडी-वडे रात्रीला ठेवा, दुपारी खाल्लेत तर संध्याकाळचा रॉक गार्डन विसरा.

स्टेशन कुडाळ, तिथून तीसेक किलोमीटर, एसटी नाहीतर रिक्षा. ट्रेनचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं आणि पटकन वेटिंगला जातं, तर आता कालनिर्णय उघडलंच आहे तर तिथी ठरवून लगेच तिकीट काढा. येताना बाजारपेठेतून खाजं आणा, गुळाचं, आल्याचा वास येणारं, आणि माझ्यासाठी पण पाव किलो.