नागपुरात नोकरी शोधताना ऑफर लेटर कोणाचे आहे ते आधी पाहा

मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कमध्ये अर्ज करणारी समलिंगी आणि पारलिंगी मुले-मुली मला बहुधा एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे मुलाखतीत स्वतःविषयी सांगावे की नाही. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. ‘पहिल्याच दिवशी सांगून मोकळे व्हा’ असे सुचवणाऱ्या मार्गदर्शकांना सीताबर्डीवर चहा पिताना मामेभावाचा मित्र भेटतो, अशा शहरात राहावे लागत नसावे.

आधी ऑफर लेटरवर कोणाचे नाव छापले आहे ते पाहा. एका मोठ्या कंपनीचे समावेशक धोरण वाचून मी निर्धास्तपणे रुजू झालो. पत्र मात्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराचे होते. बसायला कंपनीचा मजला, गळ्यात कंपनीच्याच रंगाची पट्टी, पण पगार, भविष्य निर्वाह निधी आणि मेडिक्लेम कंत्राटदाराकडे. सहकाऱ्यांकडून होणारी टिंगल मी लेखी कळवली, तेव्हा कंपनीच्या एचआरने ‘आपण आमच्या पेरोलवर नाही’ असे अत्यंत सौजन्याने उत्तर दिले. कंत्राटदाराकडे तर असे धोरणच नव्हते, आणि तिथल्या मॅडमनी ‘दुसरी साइट देऊ का?’ एवढेच विचारले.

म्हणून होकार कळवण्यापूर्वी आपण कोणाच्या पेरोलवर असणार, भेदभावविरोधी धोरण कंत्राटी कर्मचाऱ्यांना लागू आहे का आणि तक्रार कोणाकडे करायची, हे ईमेलने विचारा आणि उत्तरही ईमेलनेच मागा. असे प्रश्न कोणताही उमेदवार विचारू शकतो, त्यामुळे त्यातून तुमच्याविषयी काही उघड होत नाही. ‘आमच्याकडे सगळे ओपन माइंडेड आहेत’ या फोनवरच्या आश्वासनाला काडीची किंमत देऊ नका.

हा आग्रह धरण्याचे कारण कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत, तथापि समलिंगी म्हणून खासगी नोकरीत होणाऱ्या भेदभावाला मनाई करणारा स्वतंत्र कायदा नाही. तिथे कंपनीचे धोरण हाच मुख्य आधार. पारलिंगी व्यक्तींची बाजू कागदोपत्री तरी भक्कम आहे, कारण २०१९ च्या कायद्याचे कलम ९ नोकरीतील भेदभावाला मनाई करते आणि कलम ११ नुसार आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. पदवीवरील नाव जुने असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांचे पारलिंगी ओळखीचे प्रमाणपत्र अर्जांच्या आधीच मिळवा. पार्श्वभूमी पडताळणीत गाडी हमखास नावापाशीच अडते.

काकांच्या ओळखीने नोकरी मिळवण्याचा मी कट्टर विरोधक आहे, कारण तिथली प्रत्येक गोष्ट तुमच्याआधी घरी पोहोचते.

तरीही घाबरून जाऊ नका. मला पुढे हिंगणा एमआयडीसीतील एका लहानशा कारखान्यात धोरणाचा एकही कागद नसलेला, पण पहिल्या टोमण्यालाच सर्वांदेखत थांबवणारा साहेब मिळाला. अशी माणसे जाहिरातीत सापडत नाहीत. तिथले काम सोडून गेलेल्या दोघा-तिघांना गाठून चौकशी करावी लागते.