ड्युटी सांभाळून लायब्ररी वापरताना या चुका टाळा

मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "हे जर्नल आपल्याकडे नसेलच." बऱ्याचदा ते असतं. वर्गणी भरलेली असते, ॲक्सेस चालू असतो, तरीही सलग ड्युटी करून आलेला रेसिडेंट पेपरखाली पैसे भरायला सांगणारं बटण बघतो आणि फोन खिशात टाकतो. नाइटला असलेल्या सिस्टरना एखादं इंजेक्शन कशात आणि किती डायल्यूट करायचं एवढंच पडताळायचं असतं, आणि त्या गूगलवर पहिलं दिसेल त्या पानावर भरवसा ठेवतात. लायब्ररीत काम करणाऱ्या माणसाला हे बघवत नाही, कारण बहुतेक अडचणी एकदा नीट समजून घेतल्या की कायमच्या सुटतात.

"माझ्या फोनवर उघडत नाही"

सगळ्यात मोठी चूक इथे होते. जर्नलच्या प्रकाशकाला तुम्ही डॉक्टर आहात, नर्स आहात की आणखी कोणी, हे कळत नाही. तुम्ही कुठल्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्कच्या कुठल्या क्रमांकावरून, आलात एवढंच त्याला दिसतं. कॉलेजने कळवलेला पत्ता असेल तर दार उघडतं. वॉर्डात उभं राहून मोबाइल डेटावर पेपर उघडलात तर प्रकाशकाच्या दृष्टीने तुम्ही बाहेरचे. हॉस्पिटलचं पेशंटच्या नातेवाइकांसाठीचं वायफाय अनेकदा वेगळ्या लाइनवर असतं, त्यामुळे त्यावरही तोच अनुभव येतो. फोनमध्ये व्हीपीएन (आपला पत्ता झाकून दुसराच दाखवणारं ॲप) चालू राहिला असेल तर कॉलेजच्या वायफायवर असूनही पेपर बंदच दिसेल.

म्हणून पेपर उघडला नाही की आधी नेटवर्क बघा. व्हीपीएन बंद करा, कॉलेजच्या वायफायवर या आणि त्याच प्रकाशकाचा दुसरा एखादा लेख उघडून बघा. तो उघडला तर अडचण त्या एका जर्नलची किंवा त्या जुन्या वर्षाची आहे. तोही उघडला नाही तर लायब्ररीला लगेच कळवा. अख्ख्या कॅम्पसचा ॲक्सेस बंद पडलेला असू शकतो आणि ते सगळ्यात आधी तुमच्याच लक्षात आलेलं असेल.

घरून किंवा पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) पोस्टिंगवरून वाचायचं असेल तर रिमोट ॲक्सेस लागतो. बऱ्याच संस्थांनी त्यासाठी मायलॉफ्टसारखं एखादं ॲप किंवा लायब्ररींना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या सरकारी केंद्राच्या 'इन्फेड' व्यवस्थेचं लॉगिन घेतलेलं असतं. खातं रुजू होतानाच उघडून घ्या. रात्री दोन वाजता गरज पडेल तेव्हा ते मंजूर करायला लायब्ररीत कोणी नसतं.

तुमच्या संस्थेने 'अपटूडेट' हे उपचारांची माहिती देणारं साधन घेतलं असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाहेरून वापरण्यासाठी दर ९० दिवसांत एकदा तरी संस्थेच्या नेटवर्कवरून लॉगिन करून आपण अजून तिथेच आहोत हे सिद्ध करावं लागतं. ॲप अचानक बंद पडलं की लोक पासवर्ड बदलत बसतात, फोन रीसेट करतात. कॉलेजच्या वायफायवर येऊन एकदा लॉगिन केलं की ते बहुधा पुन्हा सुरू होतं.

काय मिळतं ते न विचारणं

सरकारी संस्थांना एकत्रित वर्गणीतून जर्नल्स देणाऱ्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० जर्नल्स असा तिचा पसारा आहे. सहा हजारांहून अधिक सरकारी संस्था तिच्या कक्षेत येतात, सरकारी मेडिकल कॉलेजंही त्यात आहेत. एल्सव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, बीएमजे ही नावं यादीत आहेत. कामकाज गांधीनगरचं इन्फ्लिबनेट बघतं. एवढं असून कित्येक युनिटमध्ये या योजनेचं नावही पोचलेलं नाही, याचं वाईट वाटतं. आपली संस्था नोंदलेली आहे का आणि हॉस्पिटलच्या इमारतीचे आयपी पत्ते त्यात घातले आहेत का, हे लायब्ररीत जाऊन विचारा. कॉलेजच्या इमारतीत चालतं आणि वॉर्डात चालत नाही, याचं कारण कधी कधी एवढंच असतं. ही योजना जर्नल्सची आहे, अपटूडेटसारखी साधनं तिच्यातून मिळत नाहीत, हेही माहीत असू द्या.

खासगी किंवा ट्रस्टच्या हॉस्पिटलात असाल तर ही योजना तुम्हाला लागू होणार नाही, पण तुमचे हात रिकामे नाहीत. 'पबमेड सेंट्रल' या खुल्या ऑनलाइन संग्रहात एक कोटीहून जास्त लेख पूर्ण वाचायला मिळतात. 'अनपेवॉल' हे ब्राउझरमध्ये बसवायचं छोटं साधन लेखाची कायदेशीर फुकट प्रत कुठे असेल तर शोधून देतं. 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' आणि मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या स्टाफ सोसायटीने १९५५ पासून चालवलेलं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' ही दोन्ही सगळ्यांसाठी खुली आहेत, आणि आपल्याकडच्या पेशंटबद्दल आपल्याकडच्या डॉक्टरांनी लिहिलेलं त्यात सापडतं.

आणि सिस्टर, फार्मासिस्ट, फिजिओ, लॅब टेक्निशियन, डाएटिशियन यांच्यासाठी खास सांगायचं तर लायब्ररी ही डॉक्टरांची मालमत्ता नाही. बहुतेक परवान्यांत संस्थेचे सगळे कर्मचारी येतात. "आम्हाला चालेल का?" असं संकोचून विचारणाऱ्या सिस्टर पाहिल्या की वाटतं, हे त्यांना रुजू झाल्या त्याच दिवशी कोणीतरी सांगायला हवं होतं.

एकच शब्द टाकून शोध संपवणं

इथे जरा थांबतो, कारण ॲक्सेस असूनही सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

कोकणातल्या पोस्टिंगचं उदाहरण घेऊ. लाल विंचू चावलेला मुलगा आला आहे, घामाने भिजला आहे, हातपाय गार पडले आहेत. उपचार सीनियरच्या सांगण्याप्रमाणे सुरू झाले. दुसऱ्या दिवशी केस प्रेझेंट करायची म्हणून रेसिडेंट पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या नोंदी शोधायच्या साइटवर, 'स्कॉर्पिअन ॲन्टिव्हेनम' (विंचवाच्या विषावरचा उतारा) टाकतो. त्याच्या नजरेस १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेली ट्युनिशियातली चाचणी पडते. ८२५ पेशंट, आणि ॲन्टिव्हेनमचा फायदा दिसला नाही असा निष्कर्ष. मोठं जर्नल, मोठी संख्या. तो तिथेच थांबला तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर अर्धवट माहिती मांडेल.

कारण ट्युनिशियातला विंचू वेगळा. आपल्या लाल विंचवावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आयुष्यभर काम केलं आहे, प्रॅझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा त्यावरचा उपयोग जगाला दाखवून दिला आहे. २०११ साली 'बीएमजे'मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत ७० पेशंट होते. नुसतं प्रॅझोसिन दिलेल्यांपैकी दहा तासांत २२.९ टक्के लक्षणमुक्त झाले. प्रॅझोसिनबरोबर ॲन्टिव्हेनम दिलेल्यांत हे प्रमाण ९१.४ टक्के होतं. तो पेपर कोणालाही पूर्ण वाचता येतो.

तो शोधात हुकतो कसा? विंचवाचं शास्त्रीय नाव बदलत गेलं आहे. जुन्या पेपरांत 'ब्युथस टॅम्युलस', नंतरच्या पेपरांत 'मेसोब्युथस टॅम्युलस' आणि अलीकडे 'हॉटेन्टोटा टॅम्युलस'. यातलं एकच पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकलंत तर बाकीची वर्षं गायब. नुसतं 'टॅम्युलस' टाकलं तर तिन्ही काळातलं काम एकत्र येतं. त्याला 'प्रॅझोसिन' जोडलं की आपल्या भागातलं संशोधन समोर उभं राहतं.

अवतरणचिन्हांची ही सवय आवर्जून सोडा. पबमेड तुमच्या शब्दाला आपणहून योग्य विषय-मथळा (लेखांना विषयानुसार लावलेलं ठरावीक नाव) जोडतं. 'हार्ट अटॅक' असं साधं टाकलंत तरी 'मायोकार्डिअल इन्फार्क्शन'खालचे लेखही येतात. अवतरणचिन्हं घातली की ही सोय बंद होते. औषधाचं ब्रँडनेम टाकू नका, जेनेरिक नाव टाका. आपल्या केमिस्टकडचे बहुतेक ब्रँड पबमेडला माहीत नसतात.

डाव्या बाजूच्या फिल्टरांचंही तसंच. 'फ्री फुल टेक्स्ट'वर टिक करून लोक शोध सुरू करतात आणि कॉलेजने पैसे भरलेले सगळे पेपर स्वतःच्या हाताने बाहेर काढतात. वय, लिंग, 'ह्यूमन्स' हे फिल्टर विषय-मथळ्यांवर चालतात. त्यामुळे ज्या लेखांना अजून मथळे लागलेले नाहीत आणि जे मेडलाइनमध्ये (पबमेडच्या मथळे लावलेल्या मुख्य भागात) नाहीतच, ते या फिल्टरांनी गळून पडतात. अगदी ताजं काहीतरी हवं असेल तर आधी फिल्टरशिवाय बघा.

चुकीच्या दारावर उभं राहणं

प्रत्येक प्रश्नाला पबमेड लागत नाही. साडेतीन कोटींहून जास्त नोंदींत डोस शोधत बसण्यात रात्र जाते. डोस, डायल्यूशन, इंटरॅक्शन यांसाठी फॉर्म्युलरी, म्हणजे औषधांचं माहितीपुस्तक, असते. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनची 'नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया' वॉर्डात असायला हवी. पहिला उपचार काय, कधी रेफर करायचं, यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) 'स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लोज' आहेत. एकेका आजाराला एकेक पान, मोबाइलवर ॲपही आहे. विषबाधेची केस असेल तर पेपर शोधत बसू नका. दिल्लीच्या एम्समधलं नॅशनल पॉयझन्स इन्फर्मेशन सेंटर चोवीस तास फोनवर सल्ला देतं. त्याचा नंबर कॅज्युअल्टीच्या फळ्यावर लिहिलेला असावा.

न बघता संदर्भ उचलणं

थीसिसच्या सिनॉप्सिससाठी (आराखड्यासाठी) एआय चॅटबॉटकडून संदर्भांची यादी घेणं आता सर्रास चालतं. लेखकाचं नाव खरं, जर्नल खरं, वर्षही पटण्यासारखं, आणि तसा पेपर अस्तित्वातच नाही, हे वारंवार घडतं. प्रत्येक संदर्भ पबमेडमध्ये शोधा आणि पीएमआयडी (पबमेडने प्रत्येक लेखाला दिलेला क्रमांक) मिळाल्याशिवाय यादीत घालू नका. पेशंटचं नाव, आयपीडी नंबर, रिपोर्टचा फोटो असलं काही चॅटबॉटमध्ये टाकणं तर मुळीच नको.

खरा पेपरही नंतर मागे घेतला गेलेला असू शकतो. कोविडमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देण्यावरचा 'लॅन्सेट'मधला गाजलेला पेपर २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. दोन आठवडेही झाले नव्हते. ज्यांनी त्याची पीडीएफ पहिल्या आठवड्यात उतरवून ठेवली, त्यांच्या फोल्डरमधल्या प्रतीवर कुठलाच शिक्का नाही. पबमेडच्या पानावर मात्र तशी ठळक सूचना असते, आणि 'झोटेरो' या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ ठेवलेत तर तेही इशारा देतं. झोटेरो फुकट आहे. थीसिसच्या पहिल्याच महिन्यात ते वापरायला लागा, शेवटच्या आठवड्यात नव्हे.

सगळ्यांचं दार बंद करणारी चूक

एखादा उत्साही विद्यार्थी एका रात्रीत जर्नलचे अंकच्या अंक उतरवून घेतो, किंवा संदर्भांच्या सॉफ्टवेअरला शेकडो फुल टेक्स्ट एका दमात आणायला लावतो. प्रकाशकाची यंत्रणा हे ओळखते आणि परवान्याचा भंग म्हणून अख्ख्या संस्थेचा पत्ता बंद करते. दुसऱ्या दिवशी आयसीयूतल्या कन्सल्टंटपासून नर्सिंगच्या मुलींपर्यंत कोणालाच काही उघडत नाही. ते परत सुरू करायला पत्रव्यवहार लागतो, त्यात दिवस जातात. लागेल तेवढंच उतरवा. आपला पासवर्ड बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हाही त्याच जातीचा प्रकार आहे.

लायब्ररीला अर्धवट निरोप पाठवणं

"मॅडम, सेप्सिसवरचा एक चांगला पेपर पाठवा ना, अर्जंट." अशा निरोपावर ग्रंथपाल मनापासून काम करतात आणि तरीही हवं ते हाती येत नाही. पेपर माहीत असेल तर नुसता पीएमआयडी पाठवा, दहा मिनिटांचं काम होतं. आपल्याकडे नसलेला पेपरही डेलनेटसारख्या जाळ्यातून दुसऱ्या लायब्ररीकडून मागवता येतो, पण त्याला वेळ लागतो, म्हणून जर्नल क्लबच्या (पेपर वाचून चर्चा करायच्या बैठकीच्या) आदल्या संध्याकाळी सांगू नका. विषय शोधून हवा असेल तर निरोप असा असू द्या:

"मेडिसिन वॉर्ड. प्रौढ पेशंट, सेप्टिक शॉक. नॉरॲड्रिनलिन पेरिफेरल लाइनमधून देणं सेंट्रल लाइनच्या तुलनेत कितपत सुरक्षित? गेल्या दहा वर्षांतलं, भारतातलं असेल तर आधी. गुरुवारी सकाळी जर्नल क्लब. मी अमुक दोन पेपर पाहिले आहेत, ते नकोत."

पेशंट कोण, काय करायचं, कशाशी तुलना, कधीपर्यंत हवं आणि काय आधीच पाहिलं, हे सगळं यात आलं. हा निरोप दोन मिनिटांत लिहून होतो. असा निरोप आला की ग्रंथपाल तुम्हाला उलट फोन न करता थेट कामाला लागतात, आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत पेपर तुमच्या मेलमध्ये असतात.