उद्घोषणा यंत्रणेची चाचणी : आधी दार लावून घ्या

दोन वर्षांपूर्वी आमच्या २२ मजली सोसायटीचा सचिव या नात्याने उद्घोषणा यंत्रणेची, म्हणजे आगीच्या वेळी स्पीकरवरून सूचना देणाऱ्या यंत्रणेची, चाचणी मीच घेतली होती, प्रत्येक मजल्यापुढे ‘आवाज व्यवस्थित’ असे मीच लिहिले होते आणि खाली सहीही माझीच होती. चाचणी जानेवारीतली, सकाळी ११ वाजताची. पंखे बंद आणि काय चालले आहे हे पाहायला लोक दारे उघडून उभे. पुढे मे महिन्यात रात्री दोनच्या सुमारास मीटर रूममधली केबल जळून जिन्यात धूर चढला, तेव्हा चौदाव्या मजल्यावरचे आजी-आजोबा एसी लावून झोपले होते. तीन वेळा झालेली घोषणा त्यांना एकदाही ऐकू आली नाही. वॉचमनने दार बडवले म्हणून ते उठले.

अ‍ॅम्प्लिफायर, वायरिंग, पॅनेलवरचे दिवे हे सारे परवानाधारक एजन्सी जानेवारी आणि जुलैच्या फॉर्म ‘बी’च्या (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याच्या सहामाही प्रमाणपत्राच्या) निमित्ताने पाहतेच, त्यावर मी शब्द खर्च करत नाही. मात्र मुख्य वीज बंद करून नुसत्या बॅटरीवर अर्धा तास घोषणा चालवून घ्या, कारण आग लागली की वीज तोडली जाते आणि बॅटरी कितपत थकली आहे हे त्या अर्ध्या तासातच कळते.

आता दार. स्पीकर लॉबीत असतात, माणसे मात्र आतल्या खोलीत झोपतात. लॉबीत ८५ डेसिबल आवाज असला, तरी फ्लॅटचे जाड दार त्यातले २५-३० डेसिबल खाते, बेडरूमचे बंद दार आणखी १५-२० खाते आणि उरलेला आवाज पंख्याच्या घरघरीत विरून जातो. झोपेतल्या माणसाला उठवायचे तर उशीजवळ ७५ डेसिबल हवेत, असे अग्निसूचनेची मानके सांगतात. म्हणून चाचणीच्या वेळी एक जण फ्लॅटमध्ये जाईल, मुख्य दार लावेल, बेडरूमचे दार लावेल, पंखा किंवा एसी चालू करेल आणि मग ऐकेल. लॉबीत उभे राहून ऐकणे ही चाचणी नव्हे. दार किलकिले ठेवून ऐकणे हीसुद्धा चाचणी नव्हे. ‘साहेब, वॅट दुप्पट करून देतो’ असे एजन्सीचा माणूस हमखास म्हणेल. त्याला नम्रपणे सांगावे की वॅट दुप्पट केल्याने जेमतेम ३ डेसिबल वाढतात आणि आपल्याला वाढवायचे आहेत तिसाच्या वर. खरा उपाय फ्लॅटच्या आत स्पीकर किंवा भोंगा बसवणे हाच आहे. सर्वसाधारण सभेत तो खर्च मंजूर होईपर्यंत प्रत्येक मजल्यावर दारे ठोठावण्यासाठी दोन माणसे नेमून ठेवा, आणि तीही रात्री घरी असणारी.

जिन्यात याच्या उलट अडचण असते. तिथे आवाज भरपूर असतो, पण काँक्रीटच्या भिंतींवर घुमून शब्द एकमेकांत मिसळतात, त्यामुळे आवाज वाढवण्याऐवजी बोलण्याचा वेग कमी करावा. संदेश आधी मराठीत, मग हिंदी आणि इंग्रजीत. कोणती विंग, कोणता मजला, कोणता जिना आणि लिफ्ट वापरू नका, एवढेच. भोंगा थांबल्यावरच शब्द सुरू झाले पाहिजेत, हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्याकडे दोन्ही एकदमच वाजत होते.

माइकवर कोण बोलणार, हे नावानिशी ठरवा, आणि रात्रपाळीसाठी वेगळे ठरवा. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यावर ८:४६ वाजता विमान आदळल्यानंतर दक्षिण मनोऱ्यात ‘ही इमारत सुरक्षित आहे, आपापल्या कार्यालयांत परत जा’ अशी घोषणा झाली होती. ९:०३ वाजता दुसरे विमान तिथेच आदळले. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, पण त्याच्याकडे माहिती अपुरी होती. तेव्हा माइक हाती असलेल्या माणसाला आगीच्या जागेहून कोण कळवणार, हेही ठरलेले असावे. धीर देणारी वाक्ये कोणीही स्वतःच्या मनाने रचू नयेत.

रेफ्यूज मजल्यावरचा (आगीच्या वेळी थांबण्यासाठी राखलेल्या मजल्यावरचा) टॉकबॅक, म्हणजे कंट्रोल रूमशी बोलण्याचा संच, दोन्ही बाजूंनी बोलून पाहा. नुसते बटण दाबून दिवा लागतो का एवढे पाहू नका. जिना उतरू न शकणाऱ्या रहिवाशांची यादी कंट्रोल रूममध्ये लावा. कंट्रोल रूमची किल्ली कुठे असते ते सर्व पाळ्यांना ठाऊक हवे.

मॉक ड्रिलच्या दिवशी : अग्निशमन केंद्राला आधी कळवणे, आदल्या दिवशी नोटीस, शेवटी ‘सराव संपला’ अशी घोषणा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार हा सराव सहा महिन्यांनी पुन्हा करायचाच आहे, तेव्हा एक तरी मे महिन्यात ठेवा, एसी चालू असताना.

नोंदवहीतला ‘आवाज व्यवस्थित’ हा रकाना मी काढून टाकला आहे. त्याजागी दार बंद होते का, पंखा चालू होता का आणि किती डेसिबल, असे तीन रकाने आहेत. चौदाव्या मजल्यावर या वेळी मी स्वतः बसणार आहे, आतल्या खोलीत, दार लावून.