नाटक लिहिलंत, चाल बांधलीत. आता कॉपीराइट असा सांभाळा

गोव्यात जत्रा-उत्सवांचे दिवस आले की गावोगावच्या देवळांत मराठी नाटकं उभी राहतात. संहिता झेरॉक्स होऊन, आता तर व्हॉट्सअॅपवरून, या गावातून त्या गावात जाते आणि पहिल्या पानावरचं लेखकाचं नाव बरेचदा वाटेतच गळतं. हे थांबवायचं तर सुरुवात लिहिणाऱ्यानेच करायला हवी.

आधी सगळं लिहून काढा; चाल असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो. खाणीपायी शेत गेलेल्या कुटुंबावर कुणीही नाटक लिहू शकेल, पण तुमचे संवाद आणि प्रवेशांची गुंफण तुमचीच. १९५७च्या कायद्याप्रमाणे हा हक्क नोंदणीशिवायच मिळतो. तरी जुने खर्डे फाडू नका. स्वतःलाच ईमेल केलेली प्रत पुढे तारीख दाखवायला उपयोगी पडते.

मग हक्क नक्की कुणाचा ते बघा. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं सहसा मालकाचं. पैसे घेऊन काढलेल्या लग्नाच्या फोटोंचा हक्कही, वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणाऱ्याकडे जातो. नाटकाचं तसं नाही. मंडळाने मानधन दिलं म्हणून संहिता मंडळाची होत नाही. त्यासाठी तुमच्या सहीचा लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात.

म्हणूनच संहिता हातात देण्याआधी परवानगीपत्र करा. मजकूर साधा पुरतो: ‘या नाटकाचा एक प्रयोग अमुक तारखेला अमुक देवस्थानच्या मंडपात करण्यास परवानगी देत आहे. मानधन इतके. लेखकाला विचारल्याशिवाय प्रवेश गाळू किंवा बदलू नयेत. चित्रीकरण यूट्यूबवर टाकू नये.’ खाली दोघांच्या सह्या, तारीख. ओळखीच्या माणसाकडून सही घ्यायला संकोच वाटतो, पण वाद बहुतेक वेळा ओळखीतच होतात.

इथे एक सूट माहीत हवी. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसाठी किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग कायद्याने उल्लंघन ठरत नाही. उत्सवातली बरीच नाटकं यात बसतात. मात्र ही सूट प्रयोगापुरतीच. संहिता छापून विकणं किंवा व्हिडिओ टाकणं तिच्यात येत नाही. आणि सूट असली तरी लेखकाला विचारावं, प्रयोगाआधी त्याचं नाव माइकवरून घ्यावं. तेवढा त्याचा मान आहेच.

नोंदणी ऐच्छिक असली तरी मोठ्या कामाची जरूर करा, कारण कोर्टात ती प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फॉर्म १४ भरायचा. साहित्य, नाट्य वा संगीतकृतीला प्रत्येकी ५०० रुपये. अर्ज भरल्यावर डायरी नंबर (अर्जाचा क्रमांक) मिळाला म्हणजे नोंदणी झाली असं समजू नका. आक्षेपांसाठी ३० दिवस थांबून मग छाननी होते.

दुसऱ्याचं वापरताना मुदत बघा. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो आणि मोजणी पुढच्या जानेवारीपासून होते. बा. भ. बोरकर १९८४ साली गेले, म्हणजे त्यांच्या अशा कविता २०४४ अखेरपर्यंत परवानगीशिवाय चाल लावून विकता येणार नाहीत. धालो-फुगडीची परंपरागत गाणी सर्वांची. पण कुणी केलेलं त्यांचं रेकॉर्डिंग उचलू नका, त्याचा हक्क वेगळा असतो.

चोरी झालीच तर आधी लिंक, तारीख आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. मग यूट्यूबकडे हटवण्याची विनंती करा. तेवढ्यानेही भागलं नाही तर वकिलामार्फत नोटीस. दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो. नाटक चोरणारा मुंबईचा असला तरी काणकोणच्या लेखकाला तिथे खेटे घालावे लागत नाहीत.